चिठ्ठीवर ‘मँडारिनोइट’ आहे, पण दगडावर आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. जुन्या संग्रहातून आलेला बोलिव्हियाचा तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा आहे. करड्या, जड धातुकावर फिकट हिरव्या बारीक स्फटिकांचा थर आहे. चिठ्ठीवर ‘मँडारिनोइट, पाकाहाके’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलेले. मँडारिनोइट म्हणजे लोह आणि सेलेनियमचे फिकट हिरवे खनिज, पाकाहाके ही बोलिव्हियातली खाण. ईडीएस (क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखणारी चाचणी) करून घेतले, तर अहवालात लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन एवढेच आले. सेलेनियमचा पत्ता नाही. मग हे स्कोरोडाइट (लोहाचे हिरवट आर्सेनेट) किंवा नुसती हिरवट माती समजायची का? आणि पक्के करायचे तर तुकड्याचा किती भाग खर्ची पडेल?

तो अहवाल म्हणजे सेलेनियम नसल्याचा पुरावा नव्हे. उलट मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम जोडीने आले आहेत, तिथेच पाल चुकचुकायला हवी. पक्के करायला दोन-तीन मिलिग्रॅम पुरतात आणि त्यातलेही बरेचसे परत मिळते. फक्त चाचण्यांचा क्रम चुकवू नका.

त्याआधी एक विनंती: तुकडा धुऊ नका. नाशिक-जळगावकडचे झिओलाइट गोळा करणाऱ्यांचा हात गंजाचा डाग दिसला की ऑक्झॅलिक आम्लाकडे जातो. स्टिल्बाइटसारख्या झिओलाइटला ते चालून जाते. इथे हिरवे खनिज स्वतःच फेरिक (तीन धन भाराच्या) लोहाचे आहे आणि ऑक्झॅलिक आम्ल नेमके तेच लोह ओढून नेते. धूळ काढायला हवेचा रबरी फुगा पुरे. ब्रशसुद्धा नको, कारण कठिनता जेमतेम २.५ आहे.

आता नावांचा घोळ. हे खनिज १९७८ मध्ये डन, पीकॉर आणि स्टर्मन यांनी पोटोसी प्रांतातल्या पाकाहाके खाणीच्या नमुन्यांवरून वर्णिले. नाव टोरांटोच्या रॉयल ऑन्टारियो म्युझियममधले खनिजतज्ज्ञ जोसेफ मँडारिनो यांच्यावरून पडले. रंगाने ते फिकट हिरवे असते. संत्र्याशी, नागपुरी असो की चिनी, त्याचा काही संबंध नाही. दुसरा घोळ ‘सेलेनाइट’ या शब्दाचा. पारदर्शक जिप्समलाही सेलेनाइट म्हणतात आणि सेलेनियम-ऑक्सिजनच्या क्षारांनाही सेलेनाइटच म्हणतात. दोन्हींच्या मुळाशी चंद्राचे ग्रीक नाव आहे, बाकी नाते शून्य. प्रयोगशाळेच्या अर्जात ‘सेलेनाइट नमुना’ एवढेच लिहिलेत, तर समोरचा माणूस जिप्सम समजून कामाला लागेल. ‘फेरिक सेलेनाइट, सेलेनियमयुक्त, विषारी’ असे स्पष्ट लिहा.

मँडारिनोइटचा एक रेणू म्हणजे दोन फेरिक लोह, तीन सेलेनाइट गट आणि सहा पाणी. वजनात मांडले तर फेरिक ऑक्साइड २६.६ टक्के, सेलेनियम डायऑक्साइड ५५.४ टक्के आणि पाणी १८.० टक्के. हे तीन आकडे कागदावर लिहून समोर ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा लागतील. मूळ वर्णनात पाणी चारच धरले होते. १९८४ मध्ये हॉथॉर्न यांनी स्फटिकरचना सोडवली, तेव्हा ते सहा निघाले. एकेका खनिजात पाणी मोजणे किती अवघड असते, याचा हा चांगला नमुना आहे.

सुरुवात दहा पट भिंगाने आणि शेजाऱ्यांपासून करा. पाकाहाकेचे मुख्य धातुक पेन्रोसाइट, म्हणजे निकेलचे डायसेलेनाइड: धातूसारखे, करडे, हाताला जड. त्याच्या ऑक्सिडीभवनातून सेलेनाइटांचे अख्खे कुटुंब तयार झाले. निळे कॅल्कोमेनाइट तांब्याचे, अहलफेल्डाइट निकेलचे, मोलिब्डोमेनाइट शिशाचे. तुमच्या तुकड्यावर हिरव्याच्या शेजारी निळ्या कणांचे ठिपके असतील, तर चिठ्ठी खरी असण्याची शक्यता बरीच वाढते. पोटोसीतलीच एल ड्रॅगॉन खाण, अमेरिकेतल्या आयडाहोची डी लामार चांदीची खाण, अशा मोजक्या ठिकाणांहूनही हे खनिज नोंदले गेले आहे. धातुकात सेलेनाइडऐवजी नुसता आर्सेनोपायराइट (लोह-आर्सेनिकचे सल्फाइड) दिसला, तर मात्र स्कोरोडाइटचेच पारडे जड.

चमक काचेसारखी, थोडी तेलकट. कस (घासल्यावर उमटणारा रंग) जवळजवळ पांढरा, किंचित हिरवट. स्पष्ट पाटन नाही. एवढ्यावर ओळख पटवायला जाऊ नका. स्कोरोडाइट, एमोन्साइट आणि फार्माकोसिडेराइट ही तिन्ही लोह-खनिजे भिंगाखाली याच वर्णनात बसतात.

आता त्या ईडीएसकडे येऊ. त्यात प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेच्या क्ष-किरण रेषा देते. सेलेनियमची एल-अल्फा रेषा १.३८ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येते. तिच्या एका बाजूला मॅग्नेशियमची १.२५, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमची १.४९, आणि मॅग्नेशियमला खेटून आर्सेनिकची १.२८. इतक्या कमी ऊर्जेवर ईडीएसचे शिखर साधारण ऐंशी इलेक्ट्रॉन-व्होल्ट रुंद असते. ऑपरेटरने ‘ऑटो’ दाबले आणि मूलद्रव्यांच्या यादीत सेलेनियम नसले, की आज्ञावली मधले शिखर भरून काढायला थोडे मॅग्नेशियम आणि थोडे ॲल्युमिनियम घेते आणि आकडे देऊन मोकळी होते. सिलिकॉन नाही, तरी मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम आहे, असा अहवाल हिरव्या लोहयुक्त खनिजावर आला तर आधी मूळ वर्णपट मागा, टक्क्यांचा तक्ता नको. १.२५ आणि १.४९ यांच्या बरोबर मधोमध एकच बसकट शिखर दिसले, तर ते सेलेनियम आहे. स्कोरोडाइटची शंकाही याच वर्णपटावर बरीचशी मिटते: ते आर्सेनेट आहे, म्हणून शिखर १.२८ वर सरकलेले दिसले पाहिजे.

खात्रीसाठी मोजणी इलेक्ट्रॉन-शलाकेच्या २० किंवा २५ किलोव्होल्टवर पुन्हा करायला सांगा. सेलेनियमची के-अल्फा रेषा ११.२२ वर, अगदी मोकळ्या जागेत येते. पण ती उठवायला १२.६६ चा उंबरठा ओलांडावा लागतो. १५ किलोव्होल्टवर ती अगदीच क्षीण येते, १० वर येणारच नाही. बऱ्याच ठिकाणी खनिजांसाठी १५ ठरलेलेच असते, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते. धातुकात शिसे असेल, तर १०.५५ आणि १२.६१ ला शिशाच्या रेषा दिसतील. पहिली आर्सेनिकच्या के-अल्फावर अक्षरशः बसते, दुसरी सेलेनियमच्या के-बीटाला चिकटते. ११.२२ चे शिखर मात्र या गर्दीतून सुटलेले असते, निकाल त्यावरच द्या. त्याच वर्णपटात ३.७७ ला टेल्युरियम आहे का, तेही पाहून घ्या. एमोन्साइट, म्हणजे लोहाचे टेल्युराइट, दिसायला याचे जुळे भावंडच आहे आणि ते एवढ्या एका नजरेत बाद होते.

हे सगळे कमी निर्वातात चालणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, लेप न देता, अख्खा तुकडा आत ठेवून होते. तीस ते साठ पास्कल दाब पुरतो. खर्च शून्य मिलिग्रॅम. विद्यापीठांच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रांत ही सोय बहुधा असते. वेळ घेण्याआधी ‘कमी निर्वात मिळेल का’ एवढे विचारून घ्या.

ॲल्युमिनियम खरोखरच असेल तर? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. एल ड्रॅगॉनच्या खाणीतून अल्फ्रेडोपेट्रोव्हाइट नावाचे खनिज वर्णिले गेले आहे: दोन ॲल्युमिनियम, तीन सेलेनाइट, सहा पाणी. सूत्र मँडारिनोइटच्या साच्यातले, फक्त लोहाच्या जागी ॲल्युमिनियम. रचना मात्र वेगळी, षट्कोनी. ते रंगहीन असते, त्यामुळे हिरव्या स्फटिकांशी गल्लत व्हायची नाही. पण एकाच कवचात दोन्ही असू शकतात. १.३८ आणि १.४९ खात्रीने वेगळे करायचे, तर तरंगलांबी मोजणारा शोधक आणि किरण वेगळे करणारा टीएपी नावाचा स्फटिक लागतो. ईडीएसच्या भरवशावर दोन-तीन टक्के ॲल्युमिनियम छापू नका.

उपकरण मिळेपर्यंत घरच्या बाकावर एक ओली चाचणी होते. अर्धा मिलिग्रॅमचा कण पांढऱ्या पोर्सेलीन ठिपका-पट्टीवर ठेवून त्यावर एकास-एक हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन थेंब टाका. कण विरघळून द्रावण पिवळे होईल. त्यातला एक थेंब बाजूला घेऊन पोटॅशियम थायोसायनेट टाकले, की रक्तासारखा लाल रंग येतो: फेरिक लोह आहे. उरलेल्यात चिमूटभर ॲस्कॉर्बिक आम्ल टाका. आधी पिवळा रंग जातो, कारण लोहाचे क्षपण पहिल्यांदा होते. मग काही मिनिटांत द्रावण गढूळ होऊन नारिंगी-लाल होते. तो लाल गाळ म्हणजे मूलद्रव्य सेलेनियम. हिशेबाने अर्ध्या मिलिग्रॅमला जेमतेम एक मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल लागते, म्हणजे चिमूट जास्तच झाली. कमी पडले तर मात्र सगळे लोहावरच खर्च होते आणि चाचणी ‘नाही’ म्हणते. फसगत होते ती इथे. थायोसायनेट ॲस्कॉर्बिकच्या नंतर टाकले तरी फसाल, कारण तोवर लोह फेरस झालेले असते आणि रंग येत नाही.

या चाचणीत जस्ताची भुकटी कधीही वापरू नका. आम्ल, जस्त आणि सेलेनाइट एकत्र आले की हायड्रोजन सेलेनाइड वायू सुटू शकतो आणि तो हायड्रोजन सल्फाइडपेक्षाही घातक आहे. तसेच जुन्या पुस्तकांत कण तापवून सडक्या मुळ्याचा वास घेण्याची चाचणी दिलेली असते, तीही पुस्तकातच राहू द्या.

प्रकाशीय तपासणी एका ओळीत उरकता येते, तरी करावी. मँडारिनोइटचे प्रणमनांक (प्रकाश किती वाकतो त्याचे माप) साधारण १.७१५ पासून १.८७ पर्यंत पसरलेले आहेत, म्हणजे द्विप्रणमन ०.१५ च्या आसपास. स्कोरोडाइटचे तिन्ही प्रणमनांक १.७८ ते १.८२ मध्येच दाटीने बसतात, द्विप्रणमन फक्त ०.०३. तितक्याच जाडीच्या कणात एकाचे व्यतिकरण रंग पांढुरके, उच्च श्रेणीचे आणि दुसऱ्याचे झगझगीत, खालच्या श्रेणीचे दिसतात. कण ज्या तेलात बुडवून पाहतो ते न बदलताही फरक कळतो. एमोन्साइट तर १.९६ च्याही वर. १.८ च्या वरची तेले आर्सेनिकयुक्त आणि वापरायला त्रासदायक असतात, १.७० च्या एका थेंबावर भागवा. प्रकाशीय अक्षकोन ८५ अंशांच्या घरात आहे. तो नव्वदीच्या इतका जवळ असला, की धन-ऋण चिन्ह ठरवणे म्हणजे नाणे उडवणे. त्यात दुपार घालवू नका.

रामन वर्णपट (लेझरखाली रेणूंच्या कंपनांचा ठसा) नमुना न खाता मिळतो, म्हणून एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) आधी. सेलेनाइट गटाचे सममित ताणकंपन ८१४ प्रति सेंटिमीटरला, धारदार आणि सर्वांत उंच. त्याच्या खाली ६९५ ते ७४५ मध्ये तीन एकमेकांत मिसळलेली शिखरे, ३५५ ते ४७५ मध्ये वाकण्याची कंपने, आणि २८०० ते ३५०० पर्यंत पाण्याचा रुंद पट्टा. इथेही स्कोरोडाइट आडवे येते, कारण आर्सेनेटचे जोरदार शिखर ८०० च्या जवळच असते. पण त्याला ८९० च्या आसपास सोबती असतो आणि ७०० ते ७४५ चा भाग रिकामा. फरक त्या भागात शोधा, ८०० ला नव्हे. लेझरची शक्ती नमुन्यावर एक मिलिवॉटच्या आतच ठेवा. पहिला आणि शेवटचा वर्णपट एकावर एक ठेवून पाहा. पाण्याचा पट्टा बसत गेला आणि ८१४ चे शिखर रुंदावले, तर तुम्ही खनिज मोजत नसून ते भाजत आहात.

पण निर्णय एक्सआरडीच देते, म्हणून इथे जरा थांबू. दोन-तीन मिलिग्रॅम सुईने खरवडून काढा, एसिटोनच्या थेंबात हलक्या हाताने वाटा, आणि शून्य-पार्श्वभूमीच्या सिलिकॉन पट्टीवर पसरा. कोरडे जोर लावून वाटू नका, गरम हवेने सुकवू नका. तांब्याची क्ष-किरण नळी असेल, तर लोह त्या किरणांनी स्वतःच अनुस्फुरित होते आणि पार्श्वभूमी इतकी चढते की बारीक शिखरे बुडतात. कोबाल्टची नळी किंवा ऊर्जा निवडणारा शोधक मिळाला तर उत्तम. नाहीतर सावकाश, रात्रभराची मोजणी करा.

मँडारिनोइट एकनत (मोनोक्लिनिक) आहे. रचनेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या कोष्ठाच्या बाजू १६.८१, ७.८८ आणि १०.०२ अँगस्ट्रॉम, बीटा कोन ९८.२६ अंश. सर्वांत ठळक रेषा ७.१२ अँगस्ट्रॉमची, सोबत ३.५६ आणि ८.३. तांब्याच्या किरणांत टू-थीटा (विवर्तनाचा कोन) मोजला तर अनुक्रमे १२.४२, २४.९९ आणि १०.६ अंशांच्या आसपास.

आणि इथेच खड्डा आहे. केओलिनाइट या पांढऱ्या मातीच्या खनिजाच्या दोन मोठ्या रेषा ७.१६ आणि ३.५८ ला येतात, म्हणजे १२.३५ आणि २४.८५ अंशांना. ऑक्सिडीभवन झालेल्या शिरांमध्ये पांढरी माती हटकून असते. पट्टीवरचा थर पाव मिलिमीटर वर-खाली झाला, तरी शिखरे ०.१ अंशाने सरकतात. म्हणजे केओलिनाइटला मँडारिनोइट म्हणणे किंवा मँडारिनोइटला केओलिनाइट म्हणणे, दोन्ही अगदी सहज घडते. संगणकाचा शोध-जुळणी कार्यक्रम तर सामान्य खनिजालाच आधी पुढे करतो. दोन उपाय: भुकटीत थोडी सिलिकॉनची पूड मिसळा, म्हणजे तिच्या २८.४४ अंशांच्या रेषेवरून सरकण दुरुस्त करता येईल. आणि १०.६ अंशांची, ८.३ अँगस्ट्रॉमची रेषा शोधा. केओलिनाइटला ती नाही, इलाइटची रेषा १० अँगस्ट्रॉमला, जिप्समची ७.६ ला. ८.३ दिसत नसेल तर ‘मँडारिनोइट’ लिहू नका, बाकी काहीही जुळत असले तरी. तुकडा उलटा निघाला, म्हणजे स्कोरोडाइट, तर ४.४७ अँगस्ट्रॉमची मोठी रेषा १९.८ अंशांच्या आसपास डोळ्यांत भरेल.

खरवडायला दोन मिलिग्रॅमही नसतील, तर ५० ते ८० मायक्रॉनचा एक स्फटिक निवडून एकस्फटिक विवर्तनमापकाकडे जा. पण हे स्फटिक बहुधा जुळे (दोन स्फटिक ठरावीक मांडणीत चिकटून वाढलेले) असतात, जुळणीचे प्रतल पहिल्या अक्षाला छेदणारे, म्हणजे एक-शून्य-शून्य. कोष्ठाचे आकडे घेऊन गणित केले तर दुसऱ्या जुळ्याच्या ठिपक्याचा पहिला निर्देशांक (प्रत्येक विवर्तन-ठिपक्याचे स्थान तीन निर्देशांकांनी सांगतात) असा येतो: पहिल्याचे चिन्ह उलटे करा आणि त्यातून तिसऱ्या निर्देशांकाच्या ०.४८ पट वजा करा. ०.४८ म्हणजे जवळजवळ निम्मे. त्यामुळे तिसरा निर्देशांक सम असलेल्या थरांत दोन्ही जुळ्यांचे ठिपके एकमेकांवर बसतात, विषम थरांत एकाचे ठिपके दुसऱ्याच्या बरोबर मधल्या फटीत पडतात. आज्ञावलीला हे कळत नाही. ती पहिली बाजू दुप्पट, ३३.६ अँगस्ट्रॉम, धरून मोठा कोष्ठ सुचवते आणि नवीन खनिज सापडल्याचा आनंद देते. ३३.६ दिसले की आधी जुळ्यांचा नियम घालून ठिपके वेगळे करा. एकट्या स्फटिकासारखे रेटले, तर रचना सुटते खरी, पण पाण्याच्या रेणूंची जागा पुसट होते आणि पुन्हा सहा की पाच हा वाद उरतो.

रचना नीट सुटली, तर सेलेनियमची संयुजाही तिथेच कळते. सेलेनियम-ऑक्सिजन अंतर तिन्ही बंधांत १.७० अँगस्ट्रॉमच्या आसपास, आकार बुटक्या पिरॅमिडचा आणि टोकाला एकाकी इलेक्ट्रॉनजोडी: तो सेलेनाइट. चार ऑक्सिजन आणि १.६४ चे अंतर, तर सेलेनेट. लोह सहा ऑक्सिजनांच्या अष्टफलकात, सरासरी अंतर २.०, म्हणजे फेरिक. लोहाची संयुजा सांगणाऱ्या मॉसबावर चाचणीसाठी वेगळे मिलिग्रॅम घालवायचे कारण उरत नाही.

रासायनिक विश्लेषण सगळ्यात शेवटी, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. इलेक्ट्रॉन प्रोबसाठी (इलेक्ट्रॉन-शलाकेने सूक्ष्म कणातली टक्केवारी मोजणाऱ्या यंत्रासाठी) कण खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या राळेत बसवा, ६० अंशांच्या भट्टीतल्या राळेत नको. मऊ असल्याने झिलई करताना कण उपटून येतो, दाब कमी ठेवा. मोजणी २० किलोव्होल्ट, ५ ते १० नॅनोअँपिअर, किरणशलाका १० ते २० मायक्रॉन पसरवलेली. सेलेनियमची मोजणी पहिल्या दहा सेकंदांत घ्या. मानक म्हणून शुद्ध सेलेनियम वापरू नका, ते शलाकेखालीच उडते. जस्त, कॅडमियम किंवा शिशाचे सेलेनाइड घ्या. लोहासाठी हेमॅटाइट.

बेरीज किती यायला हवी? फेरिक ऑक्साइड अधिक सेलेनियम डायऑक्साइड, म्हणजे ८२ टक्के. १०० ची वाट पाहू नका. प्रत्यक्षात मात्र ८२ क्वचितच येते, बहुतेक वेळा जास्त येते, कारण निर्वातात आणि शलाकेखाली पाणी निघून गेलेले असते. पाच पाणी उरले तर बेरीज ८४.५, चार उरले तर ८७.२, तीन उरले तर ९०.१. म्हणून ‘शंभरातून वजा केले, उरले ते पाणी’ ही पद्धत इथे हमखास कमी पाणी दाखवते. स्टिल्बाइटवर प्रोब चालवलेल्यांना हे नवीन नाही.

बेरजेपेक्षा लोह आणि सेलेनियम यांचे अणुसंख्येतले गुणोत्तर बघा. ते ०.६६७ असले पाहिजे. समजा २९.२ टक्के फेरिक ऑक्साइड आणि ६०.९ टक्के सेलेनियम डायऑक्साइड आले: बेरीज ९०.१, गुणोत्तर ०.६६६. कण चांगला आहे, फक्त अर्धे पाणी गेले. आता समजा ३२.० आणि ५६.० आले: बेरीज ८८.०, वरवर पाहता पहिल्यापेक्षा बरी, पण गुणोत्तर ०.७९. हे विश्लेषण टाकून द्या. एक तर सेलेनियम उडाले, नाहीतर आत गोएथाइट (गंजातले लोह-खनिज) मिसळलेले आहे. या दोहोंतले कोणते, हे ओळखायला त्याच कणावर शलाका आणखी पसरवून मोजा. गुणोत्तर ०.६६७ कडे परतले तर सेलेनियम उडत होते, तिथेच अडून राहिले तर गोएथाइट. परावर्तित इलेक्ट्रॉनांच्या चित्रातही फरक दिसतो: मँडारिनोइटचा सरासरी अणुक्रमांक २१.५, गोएथाइटचा १९.२, म्हणजे गोएथाइट किंचित काळपट.

पाणी स्वतंत्रपणे मोजायचे, तर उष्णता-वजन विश्लेषणाला पाच मिलिग्रॅम तरी हवेत. शेवटी भट्टीत २६.६ टक्के तांबडे फेरिक ऑक्साइड उरते, बाकी ७३.४ टक्के हवेत. त्यातले ५५ टक्के सेलेनियम डायऑक्साइड आहे आणि ते उपकरणाच्या थंड भागांवर जाऊन बसते, पुढचे कित्येक नमुने बिघडवते. ऑपरेटरला आधी न सांगता हा नमुना देणे म्हणजे त्याच्याशी कायमचे वैर. तुमच्या तुकड्यासाठी याची गरजही नाही. २०१८ मध्ये कृत्रिम फेरिक सेलेनाइटचे तीन आणि पाच पाण्याचे हायड्रेट बनवून, तापवून अभ्यासले गेले ते नैसर्गिक मँडारिनोइटमधल्या पाण्याचा प्रश्न सोडवायलाच. घनतेवरून हिशेब करून पाहिला तरी गंमत दिसते: वरच्या कोष्ठात चार रेणू धरले, तर सहा पाण्याला घनता ३.०४ येते, पाचाला २.९५, चाराला २.८६. मोजलेला आकडा २.९३. बारीक स्फटिकांच्या गुच्छात हवा अडकते आणि मोजलेली घनता नेहमी कमीच भरते, म्हणून यावरून मी पाच म्हणणार नाही.

तेव्हा तुमच्या तुकड्यासाठी एवढेच करा: जुन्या ईडीएसची मूळ फाइल मागवा, २० किलोव्होल्टवर एक नवा वर्णपट घ्या, मग रामन, मग तीन मिलिग्रॅमची एक्सआरडी. ११.२२ चे शिखर आणि ८.३ ची रेषा दोन्ही मिळाली, तर प्रोब न करताही चिठ्ठीवरचे प्रश्नचिन्ह खोडता येते. भुकटी पट्टीवरून एसिटोनने उतरवून काचेच्या नळीत भरा, वर तारीख आणि चाचणी लिहा आणि तुकड्याच्याच डबीत ठेवा. जुनी चिठ्ठी फेकू नका, नवी तिच्या मागे जोडा. डबीवर ‘सेलेनियम, हात धुवा’ असे मराठीत लिहून ठेवा. घरात डबी उघडणारे तुम्ही एकटेच नसता.